सदुसष्ट घरांचा जपान आणि हुडीचा डोंगर

मी एक जुना तक्ता आहे, मित्रांनो. वर्गात खिळ्याला टांगतात, तसला. पण मी छापखान्यातून आलेलो नाही. मुळात मी सूर्यभान गुरुजींचे एक धुऊन धुऊन मऊ पडलेले धोतर होतो. तिसगावच्या बाजारपेठेपासून दोन कोसांवर चिंचखडी नावाची वाडी आहे. तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत गुरुजी एकटेच शिकवत. १९७२ सालच्या आषाढात त्यांच्या पत्नी रतनबाई मला बोहारणीला द्यायला निघाल्या होत्या, तेवढ्यात गुरुजींनी मला त्यांच्या हातातून काढून घेतले.

त्यांनी मला ज्वारीच्या पिठाची खळ दिली, पाटावर ताणून वाळवले, वर नि खाली बांबूची काठी शिवली. मग चार दिवस पट्टी आणि पेन्सिल घेऊन ते माझ्यावर ओणवे बसले. डाव्या बाजूला जपान, उजव्या बाजूला भारत. प्रत्येक देशाच्या एकाखाली एक अशा तीन चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत शंभर घरे. पहिली चौकट १९५१ सालची, दुसरी १९६१ ची, तिसरी १९७१ ची. देशाच्या जमिनीचे शंभर भाग केले, तर त्यातल्या किती भागांवर जंगल आहे, तेवढी घरे हिरवी करायची. तिसरीचे पोरही पाहून समजेल, असा गुरुजींचा विचार होता.

जपानला सदुसष्ट घरे लागली. वीस वर्षांत त्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता, म्हणून तिन्ही चौकटींत तेवढीच. गुरुजींनी जपान आधी रंगवायला घेतला आणि तिथेच हिरव्या रंगाची पुडी संपली. तिसगावच्या दुकानात दुसरी मिळाली नाही. मग त्यांनी निळ्यात पिवळा कालवून भारत रंगवला. सरकारी पुस्तिकेत पाहून पहिल्या चौकटीत चौदा घरे, दुसरीत अठरा, तिसरीत एकवीस. आपला हिरवा थोडा पिवळट आला, पण घरे मात्र दर दहा वर्षांनी वाढत गेलेली सगळ्यांना दिसत होती.

श्रावणात तालुक्याच्या शाळांचे प्रदर्शन भरले. तिथे मला पहिले बक्षीस मिळाले. तालुक्याचे मोठे साहेब माझ्यापुढे बराच वेळ उभे राहिले. आपला देश किती पुढे चालला आहे हे असे दाखवले पाहिजे, असा तक्ता प्रत्येक शाळेत हवा, असे ते बरोबरच्या मंडळींना म्हणाले. गुरुजींनी मला गुंडाळून, काखेत धरून वाडीवर परत आणले, तेव्हा वाटेत भेटेल त्याला ते थांबून सांगत होते. मला फार अभिमान वाटला, मित्रांनो. धोतराला कोण एवढा मान देतो?

वर्गात मला फळ्याच्या शेजारी टांगले. चौथीतल्या रंगूने हिशोब केला. वीस वर्षांत सात घरे वाढली, जपान शेहेचाळीस घरे पुढे आहे, म्हणजे त्याला गाठायला एकशे एकतीस वर्षे लागतील. गुरुजींनी तिची पाठ थोपटली. तोवर आपल्यातले कोणी नसेल, पण जपानला गाठू हे नक्की, असे ते म्हणाले आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. आदल्या वर्षीही तो नीट झाला नव्हता. विहिरींचे तळ उघडे पडले, जनावरे छावणीत गेली, आणि वाडीतली धडधाकट माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. शाळेत पोरांसाठी सुकडी, म्हणजे दुष्काळात सरकार देई ते पौष्टिक पीठ, शिजू लागली. तिला लागणारे सरपण आणायचे काम साळूबाईकडे आले.

साळूबाई चाळिशीची होती. नवरा वारल्यापासून ती हुडीच्या डोंगरावरून मोळी आणून तिसगावच्या बाजारात विकत असे आणि त्यावर दोन लेकी सांभाळत असे. बोलायला कमी, चालायला सगळ्यांच्या पुढे. शाळेच्या पडवीत मोळी टाकून ती घोटभर पाणी पिई आणि लगेच निघे. पण कार्तिकातल्या एका दुपारी तिला चक्कर आल्यासारखे झाले, म्हणून गुरुजींनी तिला वर्गात सावलीला बसवले. पोरे बाहेर सुकडी खात होती. समोर मी होतो. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग ही हिरवी घरे कसली, असे तिने विचारले.

गुरुजींनी मोठ्या हौसेने सगळे समजावून दिले. जपान कुठे आहे, तिथे जंगल किती, आपल्याकडे किती, आणि आपले कसे वाढत चालले आहे. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"वाढलं म्हंजी कुटं वाढलं, गुरुजी?" ती म्हणाली.

गुरुजी म्हणाले, सगळ्या देशात मिळून वाढले आहे.

मग साळूबाईने आपले सांगितले. ती नवरी होऊन वाडीत आली तेव्हा सरपण देवळाच्या मागच्या उतारावर मिळायचे. थोरलीच्या वेळेला डोंगराच्या पहिल्या खांडीपर्यंत, म्हणजे खिंडीपर्यंत, जावे लागायचे. धाकटी झाली तेव्हा दुसऱ्या खांडीच्या पलीकडे. आता ती तांबडे फुटायच्या आत निघते, दुपारी परत येते, आणि मोळीत निम्म्या तर जमिनीतून उकरलेल्या मुळ्या असतात. हे ती रडगाणे म्हणून सांगत नव्हती. कुठली वाट किती लांब आहे, एवढेच सांगत होती.

"ती वाढल्याली जागा मला दावा," ती उठता उठता म्हणाली. "उद्या तिकडंच जाते."

ती गेल्यावर गुरुजी माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी पुस्तिका काढून आकडे पुन्हा पडताळले. चौदा, अठरा, एकवीस. माझ्यावर चूक एकही नव्हती. तरी त्या दिवशी त्यांनी उरलेला तास घेतला नाही, पोरांना लवकर सोडून दिले.

दोन दिवसांनी त्यांनी वनरक्षक गहिनीनाथला गाठले. तो शेजारच्या गावचा, सरळ माणूस. हुडीच्या डोंगराचे काय, असे गुरुजींनी विचारल्यावर त्याने आपल्या पिशवीतून नकाशा काढून पसरला. डोंगर त्यावर हिरवा होता. गहिनीनाथने सांगितले की हा डोंगर पूर्वी सरकारी नोंदीत पडीक म्हणून लावलेला होता, बारा-तेरा वर्षांमागे तो जंगल म्हणून लावला गेला.

"म्हणजे त्या वर्षी जंगल वाढलं?" गुरुजींनी विचारले.

"कागदावर वाढलं," गहिनीनाथ म्हणाला. "डोंगर त्योच हाय, गुरुजी. नाव बदाललं."

रविवारी गुरुजी चौथीच्या पोरांना घेऊन डोंगरावर गेले. वाट दाखवायला साळूबाई होती, आणि लिहायला एवढा मोठा कागद शाळेत नव्हता म्हणून गुरुजींच्या काखेत मी होतो. डोंगर शंभरेक एकरांचा. गहिनीनाथने नकाशावरून त्याचे एकराएकराचे तुकडे पाडून दिले होते. माणसाच्या डोक्यावरून उंच जाईल असे प्रत्येक झाड मोजायचे आणि दोनदा मोजले जाऊ नये म्हणून खोडाला चुन्याचा ठिपका लावायचा. बाभूळ, हिवर, बोर, कुठे एखादा कडुनिंब, वरच्या कपारीत दोन सालई. पोरे ओरडून आकडा सांगत आणि गुरुजी मला खडकावर उलटे पसरून माझ्या पाठीवर लिहून घेत. संध्याकाळी बेरीज झाली. एकशे एकोणीस.

शंभर एकरांत एकशे एकोणीस झाडे. गुरुजींनी ती बेरीज तीनदा केली. साळूबाईला नवल वाटले नाही. त्यातली बरीचशी तिला एकेकटी ठाऊक होती. कुठल्या बाभळीची फांदी कोणी कधी नेली, तेही.

पुढच्या आठवड्यात गुरुजी नगरला गेले आणि तिथल्या वाचनालयात त्यांनी जपानविषयी मिळेल ते वाचले. परत आल्यावर त्यांनी वर्गाला जे सांगितले, ते मला अजून आठवते. जपानचा आकडा वीस वर्षे हलला नाही म्हणून आपण समजलो की तिथे काही घडले नाही. पण लढाईच्या काळात त्यांचेही डोंगर तोडून तोडून बोडके झाले होते. नंतर लोकांनी त्या डोंगरांवर रोपे लावली, सांभाळली. जमीन तेवढीच राहिली आणि तिच्यावरची झाडे दाट होत गेली. आपल्याकडे निदान हुडीच्या डोंगराचे तरी उलटे झाले. आकडा वाढला आणि झाडे गेली.

"मग आपण तक्ता चुकीचा काढला का, गुरुजी?" रंगूने विचारले.

"तक्ता बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. "मी तो अर्धाच वाचला होता."

त्या दिवशी त्यांनी माझ्या तळाशी उरलेल्या जागेत आणखी एक चौकट आखली. हुडीच्या डोंगराची. शंभर एकर, शंभर घरे. ज्या एकरात दहापेक्षा जास्त झाडे मिळाली, त्याचेच घर हिरवे. चार घरे हिरवी झाली. खाली त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले : 'वरील देशांची घरे जमिनीच्या नोंदीची आहेत, झाडांची नाहीत.'

वाडीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. पौषात मोठे साहेब दुष्काळी कामांची पाहणी करायला येणार होते. सरपंच भिमाजी आदल्या दिवशी शाळेत आले. वाडीतली अडीचशे माणसे खडीच्या कामावर पोट भरत होती. फोडून ठेवलेल्या खडीचे ढीग वाटेच्या दोन्ही अंगांना लागले होते आणि कुठलाच रस्ता होत नव्हता, हे भिमाजींनाही दिसत होते. पण ते काम बंद पडले तर खायचे काय? साहेबांनीच बक्षीस दिलेल्या तक्त्यावर असली ओळ त्यांना दिसायला नको, असे त्यांचे म्हणणे होते.

"तुमचं खोटं हाय, आसं मी म्हनत न्हाई," ते म्हणाले. "पर हे औंदाचं साल न्हाई खरं बोलायचं."

गुरुजींनी वाद घातला नाही. त्यांनी मला उतरवले, गुंडाळले आणि कपाटावर ठेवले. अडीचशे माणसांपुढे एक ओळ ती काय, असे त्यांच्या मनात आले असावे. मला वाईट वाटले, पण राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. खडीचे काम पाहून शाळेत सुकडी कशी वाटतात ते पाहायला आले, आणि वर्गात शिरताच त्यांनी बक्षिसाचा तक्ता कुठे आहे, असे विचारले. रिकामा खिळा समोरच होता. गुरुजींना खोटे बोलता येईना. त्यांनी मला खाली काढले आणि टांगले.

साहेबांनी खालची चौकट पाहिली. ओळ वाचली.  भिमाजी दारात उभे राहून पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते. हे कोणी मोजले, असे साहेबांनी विचारले.

पडवीत चुलीपाशी साळूबाई होती. तिने पदर सावरला आणि ती दारापर्यंत आली.

"आमी मोजली, साहेब," ती म्हणाली. "चुन्याचं ठिपकं हायती अजून. तुमी वर जाऊन बघा. खडी फोडून आमच्या हातात काय येत न्हाई. त्याच हातानं डोंगराला चर खांदले, तर पानी तरी थांबंल."

एवढे लांब तिला बोलताना वाडीने पूर्वी ऐकले नव्हते.  साहेब वाईट नव्हते, मित्रांनो. त्यांनी गहिनीनाथला बोलावून घेतले, डोंगराचा नकाशा मागवला, उतार किती, माती किती, माणसे किती लागतील, असे बरेच विचारले. पाऊण तास ते बोलत होते. शेवटी त्यांनी मान हलवली. डोंगरावर आडवे चर खणायच्या कामाचा प्रस्ताव पाठवा, मी मंजूर करतो, असे ते म्हणाले. निघताना मात्र ते माझ्यापाशी थांबले.

"डोंगराची चौकट असू द्या, ती तुमच्या गावची आहे," ते गुरुजींना म्हणाले. "ही ओळ मात्र पुसा. सरकारी आकड्याखाली असं लिहून चालत नाही."

गाडी गेल्यावर गुरुजींनी ओला फडका आणला आणि आपल्या हाताने ती ओळ पुसली. शाई पुरती निघाली नाही, एक काळपट डाग राहिला.  साळूबाईला वाचता येत नव्हते. काय पुसलेत, असे तिने विचारले. गुरुजींनी तिला ओळ म्हणून दाखवली.

"पुसू द्या," ती म्हणाली. "आमाला म्हाईत हाय ना."

माघापासून वैशाखापर्यंत डोंगरावर चर खणले गेले. खडीचे ढीग वाटेवर राहिले आणि माणसे वर गेली. वाडीने ठरवले की तीन वर्षे डोंगरावर कुऱ्हाड न्यायची नाही, जनावर सोडायचे नाही. पुढच्या पावसाळ्यात पाऊस चांगला झाला, चर भरले, गहिनीनाथने कडुनिंबाची आणि शिरीषाची रोपे आणून दिली, ती पोरांनी लावली. गुरुजी रोज शाळा सुटल्यावर एक फेरी मारत. सगळे मनासारखे चालले होते.

पण डोंगर बंद झाला आणि साळूबाईची मोळीही बंद झाली. हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. ज्या बाईने विचारले म्हणून हे सारे झाले, तिचेच पोट त्या डोंगरावर होते. दुष्काळी काम पावसाबरोबर संपले आणि सुकडीही थांबली. गुरुजींनी भिमाजींकडे शब्द टाकून पाहिला, तिच्याजोगे दुसरे काम वाडीत निघेना. दिवाळी झाल्यावर तिने धाकटीला बहिणीकडे ठेवले, थोरलीला बरोबर घेतले आणि ती ऊसतोडीच्या टोळीतून कोपरगावकडे निघाली. निघायच्या सकाळी ती शाळेत आली. गुरुजी तिच्या नजरेला नजर देईनात.

"साळूबाई, तुमच्यासाठी मी सरपंचांशी पुन्हा बोललो असतो. रात्री-अपरात्री एखादी मोळी..."

"नगं," ती म्हणाली. "मीच नेली, तर बाकीच्यास्नी कोन आडवील?"

मग तिने माझ्याकडे पाहिले आणि परत येईन तेव्हा झाडे किती झाली ते सांगा, एवढे म्हणून ती गेली.

चैत्रात ती परतली. हातांना उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. घरी बोचके टाकून ती तशीच शाळेत आली आणि तिने विचारले, "औंदा किती?"

गुरुजींनी मला उतरवून उलटे केले. त्या वर्षीची मोजणी त्यांनी पोरांना घेऊन आधीच केली होती. तोडलेल्या बाभळींच्या बुडख्यांना जनावरांचे तोंड लागले नव्हते, म्हणून फुटवे वर आले होते. एकशे एकतीस, ते म्हणाले. साळूबाई हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

त्याच जूनमध्ये गुरुजींची बदली झाली, श्रीगोंद्याच्या बाजूला. साहेबांमुळे नव्हे, या शाळेतली त्यांची वर्षे भरली होती. जाताना त्यांनी माझ्यावरची धूळ झटकली, काठ्यांच्या दोऱ्या नव्या बांधल्या. माझी पाठ कोणाला दाखवायची मात्र त्यांच्याकडून राहून गेली. नवे गुरुजी गोरक्षनाथ तरुण होते, मनाने चांगले होते. त्यांना मी फक्त दोन देशांचा एक जुना, डागाळलेला तक्ता वाटलो. त्यांनी माझ्या जागी छापील नकाशा लावला आणि मला कपाटामागे उभे केले. तिथे उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. जपानची सहा घरे गेली. वर्ग भरे, सुटे, आणि मला फक्त आवाज ऐकू येत. डोंगरावर मोजायला कोणी गेले नाही.

पुढच्या चैत्रात दारात ओळखीचा आवाज आला. साळूबाईने औंदा किती, असे विचारले. नव्या गुरुजींना प्रश्नच कळेना. तिने सगळे सांगितले, तक्ता कुठे आहे म्हणून विचारले. ते ओशाळले. त्यांनी कपाट सरकवून मला बाहेर ओढले, उलटे केले, तर पाठीवर दोनच आकडे. तिसरा नव्हताच.

 ती पायरी उतरली आणि डोंगराच्या वाटेला लागली. सहा महिने ऊस तोडून आलेली बाई, घरी टेकलीही नव्हती.

ती आली तेव्हा उन्हे कलली होती. गोरक्षनाथ गुरुजी शाळा सुटूनही तिथेच बसून होते. मी बाकावर उलटा पसरलेला होतो. तिच्या पदरात खडे होते. वीस झाडे मोजून झाली की एक खडा पदरात टाकायचा, अशी तिची रीत. तिने ते माझ्यावर एकेक करून मांडले.

"आठ ईसा आन् वर सा," ती म्हणाली. "लिवा, गुरुजी."

गुरुजींनी बेरीज केली. एकशे सहासष्ट. आकडा लिहिताना त्यांनी विचारले की खाली मोजणाराचे नाव काय लिहू. सूर्यभान गुरुजींनी कधी नाव लिहिले नव्हते.  ती खडे गोळा करत राहिली. मग गुरुजींनी आपणहून लिहिले : 'मोजणी – साळूबाई, चिंचखडी.' आणि बोट ठेवून तिला ते वाचून दाखवले.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही माझ्यासारखा एखादा तक्ता असेल. देशादेशांची तुलना त्यावर असेल, आकडे खरे असतील. ते पाठ करा, मला त्याचे दुःख नाही. फक्त वर्षातून एकदा गुरुजींना म्हणा, आपल्या गावच्या डोंगरावर चला. चुना घ्या, झाडे मोजा, आणि जो आकडा येईल तो तक्त्याच्या पाठीवर लिहून ठेवा. लिहिताना, मोजणाराचे नाव विसरू नका.